नाव नसलेली राणी आणि कुवेतमधले माझे पन्नास दिवस

गुडघे दुखतात, भाषा येत नाही, एकटीने विमानात कशी बसशील, असं मला सात जणांनी सांगितलं. आठवा सांगायला आला तेव्हा मी बॅग भरत होते. ही गोष्ट यंदाच्या, म्हणजे दोन हजार सहाच्या जानेवारीतली. मुलगा प्रशांत कुवेतमधल्या शुऐबाच्या केमिकल कारखान्यात इंजिनीअर, सून मेघना तिथल्या दवाखान्यात नर्स आणि नात इरा अकरा वर्षांची. नातीला दोन वर्षं पाहिलं नव्हतं. एवढं कारण मला पुरे होतं.

जाणाऱ्यांसाठी आधी एक सांगते. सामानात खसखस चुकूनसुद्धा नेऊ नका, तिकडे ती चालत नाही. अनारसे म्हणूनच घरी राहिले. बाजरीचं पीठ, काळा मसाला आणि लोणचं बिनबोभाट गेलं. आणि स्वेटर न्याच. वाळवंट म्हणून मी मलमलचे ब्लाउज भरले होते, आणि विमानतळाबाहेर पडले तर दात वाजायला लागले!

जवळच मंगफ नावाच्या वस्तीत त्यांचा फ्लॅट, चौथ्या मजल्यावर. गॅलरीतून एका बाजूला समुद्राची पट्टी दिसते, दुसऱ्या बाजूला लांबवर कारखान्यांच्या चिमण्या आणि वर पेटलेली ज्योत. पहिल्या दिवशी मला वाटलं आग लागली. प्रशांत म्हणाला, "आई, तिथे जादा गॅस जाळतात. ती विझली तर घाबरायचं." खाली जमिया, म्हणजे त्यांचं सहकारी दुकान. तिथे खुबूस नावाच्या गोल रोट्यांचं पाकीट पन्नास फिल्सला मिळायचं. हजार फिल्सचा एक दिनार, आणि दिनाराला दीडशेच्या वर रुपये. तरी मी दोन भाकऱ्या रोज थापायचेच. खुबूस बरी असते, पण पिठल्याबरोबर तिचं जमत नाही.

पहिल्या शुक्रवारी आम्ही जहऱ्याला गेलो. गाडीने तास-सव्वा तास. रस्ता असा सरळ की मला डुलकी लागली. दोन्ही बाजूंना वाळूत तंबूच तंबू, थंडीत तिकडची माणसं घर सोडून मौजेने तंबूत राहतात. (आमच्याकडे घर असून तंबूत राहिलं तर लोक विचारतील, भांडण झालं का?) जहऱ्याला मातीच्या भिंतींचा जुना लाल किल्ला आहे, तो बघा, आत शिरलं की गार वाटतं. आणि तिथली कोथिंबीर घ्या, तिकडे भाज्यांचे मळे आहेत.

त्या किल्ल्याच्या सावलीत पराठे खाताना इरा म्हणाली, "आजी, मला प्लेमध्ये घेतलंय. मी राणी आहे."

मी तिथेच तिची दृष्ट काढली. तर ही म्हणते, "पण मला एकही वाक्य नाही."

तिची शाळा इंग्रजी पद्धतीची. इतिहासात इंग्लंडचे अगदी जुने राजे. तेव्हा इंग्लंड एक नव्हतंच म्हणे, लहान लहान राज्यं होती. मर्सिया, केंट, वेसेक्स आणि काय काय. निम्म्या राजांची नावं "एथेल"ने सुरू होतात, त्यामुळे कोण कोणाचा काका ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण उत्तरेच्या नॉर्थम्ब्रियाचं लगेच कळलं. तिथे राजघराणी दोन आणि गादी एक. ही तर आपली भाऊबंदकी! आपल्याकडे बांधावरून होते, त्यांच्याकडे गादीवरून व्हायची.

गोष्ट अशी. एका घराण्याच्या राजाने गादी बळकावली आणि दुसऱ्या घराण्याच्या वारसाला मारायला माणसं सोडली. तो बिचारा या राज्यातून त्या राज्यात पळत शेवटी पूर्वेकडच्या एका राजाच्या आश्रयाला आला. मागोमाग शत्रूचे दूत आले, पाहुण्याला मारा किंवा आमच्या हवाली करा, सोनं देतो. राजा नाही म्हणाला. दूत आणखी सोनं घेऊन आले. तरी नाही. तिसऱ्यांदा आले ते जास्त सोनं आणि वर लढाईची धमकी घेऊन. राजा डळमळला, हो म्हणून बसला. तेव्हा त्याची बायको म्हणाली, सोन्यासाठी मित्र विकणं तुम्हाला शोभत नाही, अब्रू सगळ्या दागिन्यांहून मोठी. राजाने शब्द फिरवला, उलट शत्रूवरच चाल करून गेला, त्याला मारलं आणि पाहुण्याला गादीवर बसवलं. त्या लढाईत राजाचा स्वतःचा मुलगा पडला. तिच्याच पोटचा की सवतीचा, ते लिहिलेलं नाही.

"तिचं नाव काय?" मी विचारलं.

"माहीत नाही. लिहिणाऱ्याने लिहिलंच नाही. आमच्या कागदावर नुसतं 'राजाची बायको' आहे. मी सुरई धरून उभी राहते, मग राजा म्हणतो, मी विचार बदलला."

"नाव नाही तर आपण ठेवू की. सासरी आल्यावर ताटात तांदूळ पसरून ठेवतातच."

"आजी! यू कान्ट जस्ट इन्व्हेंट अ नेम! तो इतिहास आहे!"

बरं, ते तिचं खरं होतं. पण तोंड तर होतं ना राणीला? इराने पराठ्याचा तुकडा तसाच ठेवला. "तीन वर्षं झाली," ती म्हणाली, "दर वेळी मी झाड तरी असते, नाहीतर मागे उभी."

घरी आल्यावर मी म्हणाले, तिच्या बाईंना भेटून येते. प्रशांत वैतागला. "आई, शाळेत जाऊन काही बोलू नकोस. आपण या देशात पाहुणे आहोत."

"अरे, गोष्टच सगळी पाहुण्याची आहे," मी म्हणाले.

मेघनाला सोमवारी सुट्टी होती. ती म्हणाली, "चला आई, मी येते." ती माझ्या बाजूने उभी राहील असं मला वाटलं नव्हतं. बसने गेलो, माणशी दोनशे फिल्स. नाटक बसवणाऱ्या बाई इंग्लंडच्याच, उंच, बोलायला गोड. मला खुर्ची दिली. इरा दुभाषी.

"त्यांना सांग, मी भांडायला आलेली नाही. राजाचं मन कोणी फिरवलं, एवढंच विचार."

बाई म्हणाल्या, त्याच्या बायकोने.

"मग ते गप्प उभं राहून कसं फिरवलं? सुरईने? एक वाक्य द्या की तिला."

बाई हसल्या. पण नाही म्हणाल्या. नाटक आठ मिनिटांचं, सगळ्यांचं पाठ झालेलं, आता बदल होणार नाही. आम्ही उठलो.

बसमध्ये इरा रडली. "आता त्यांना वाटेल मी तक्रार केली. तू कशाला आलीस?" मला फार लागलं ते. मी तिचे डोळे पुसले आणि सांगितलं, "उद्या तू सुरई धरून उभी राहिलीस तरी मी टाळ्या वाजवीन. आणि बोलावंसं वाटलं तर बोल. रागावल्या तर मी आहे."

दुसऱ्या दिवशी हॉल पालकांनी भरलेला. राजा झाला होता करीम नावाचा इजिप्तचा गुबगुबीत मुलगा, सोनेरी कागदाचा मुकुट सारखा डोळ्यांवर येत होता. दूत तिसऱ्यांदा आले. करीम म्हणाला, ठीक आहे, घेऊन जा त्याला. आता त्यानेच मन बदलायचं होतं.

इराने सुरई खाली ठेवली.

पुढे आली आणि इंग्रजीत खणखणीत बोलली. मेघना माझ्या कानात मराठी सांगत होती. "सोन्यासाठी मित्र विकू नका. तुमची अब्रू याहून महाग आहे. माझं नाव पुस्तकात नाही. पण हे मी बोलले आहे."

करीमला पुढे काय करायचं सुचेना. तो म्हणाला, "ओके." सगळा हॉल हसला आणि मग अशा टाळ्या पडल्या की माझा चष्मा निसटला. प्रशांत मागे उभा होता, कारखान्यातून तसाच आला होता. टाळ्या वाजवायचा तो सगळ्यात शेवटी थांबला.

बाईंनी इराला बाजूला घेऊन सांगितलं, विचारायला हवं होतंस. इरा म्हणाली, "आजीने विचारलं होतं." दुसऱ्या दिवशी लहान वर्गांसाठी तोच खेळ परत होता. तेव्हा कागदावर ती ओळ पेनाने लिहून आली, इराच्या नावासमोर.

परत आमच्या निफाडला येऊन आता महिना झाला. लोक विचारतात काय आणलं, खजूर दाखवते. समुद्र, तंबू, ती ज्योत, सगळं हळूहळू पुसट होतं आहे. पण परवा भावकीतले लोक आमच्या घराण्याची वंशावळ छापायची म्हणून घरी आले. नऊ पिढ्यांचे पुरुष, बापाखाली मुलगे, रेघा अगदी सुबक. मी कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, हे सगळे झाडावरून पडले का? बायका कुठे आहेत, लेकी कुठे आहेत?

चुलतदीर म्हणाले, "वहिनी, कागदावर जागा नाही."

"कागद मोठा घ्या," मी म्हणाले.

अजून घेतलेला नाही. मी रोज विचारते.