ओटी भरायची राहिली होती म्हणून

आमच्या वैशूचा नवरा पुन्हा बोहल्यावर चढतोय, हे मला नांदुऱ्याच्या बसस्टँडवर कळलं. माझी धाकटी बहीण जाऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. सांगणारी बाई संग्रामपूरकडची, वैशूच्या सासरची शेजारीण. जानेफळची पोरगी पाहायला जाणार आहेत म्हणाली, शिकलेली आहे, गोरी आहे... तोवर मी रोज रडत होते. त्या दिवशी रडणं थांबलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. वैशूबद्दल चांगलंच लिहीन. जे जिवंत आहेत त्यांच्याबद्दल मी शब्द देत नाही.

वैशू लहानपणी भारी कांगावखोर. पायात काटा रुतला तर गल्ली गोळा करायची. आई म्हणायची, हिला सासरी कोणी दाबू शकणार नाही. आईचा अंदाज चुकला. दिवस गेले होते, सातव्या महिन्यात तिचा फोन आला तेव्हा आवाज इतका बारीक होता की मी टीव्ही बंद केला. "बाई, अंगावरून पाणी जाऊन राह्यलं. आंग बी तापलं. सासूबाई म्हणतात लघवी हाय, पोटातल्या लेकराचा भार पडते." मी तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. मग सासूलाच फोनवर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "ओटी भरल्याबिगर आमच्यात सून उंबऱ्याबाहेर पाठवत नाहीत. उद्या डोहाळजेवण हाय, मंग न्या माहेरी." नवऱ्याला विचारलं, तर आई पाहून राह्यली म्हणाला.

सकाळची पहिली गाडी धरून मी पोहोचले, तर मंडपात गाणी चालली होती. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि त्या फुलांच्या आत माझी बहीण कुडकुडत होती. साडी मागून ओली. बायका म्हणत होत्या, किती तेज आलंय तोंडावर! ते तेज तापाचं होतं. मी ओटीतला नारळ भिरकावला आणि तिला उचलून शेजाऱ्याच्या गाडीत घातलं. मागून सासू ओरडत होती की अपशकुन केला. दवाखान्यात आधी बाळ गेलं, मग ती. विष रक्तात भिनलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून समजावलं, कारण मी त्यांच्याच अंगावर धावून गेले होते. बाळाभोवती पाण्याची पिशवी असते. तिचा पडदा कांद्याच्या पापुद्र्यासारखा, पण मुका नसतो. खालून जंतू वर चढले की तो त्यांना ओळखतो. जंतू मारणारी द्रव्यं सोडतो, आईच्या शरीरातल्या लढणाऱ्या पेशींना हाका मारतो. पण लढाई फार पेटली की त्या आगीत तो स्वतःच झिजतो, फाटतो, पाणी जायला लागतं. म्हणजे पाणी गेलं तेव्हा आतून आरडाओरडा होऊन चुकला होता. वेळेत आणलं असतं तर औषधं होती, निदान आई तरी बहुतेक वाचली असती, असं त्या म्हणाल्या. ते ‘बहुतेक’ मला झोपू देत नाही. भरल्या घरात संकट ओळखलं ते एका पापुद्र्यानं. बाकीचे सगळे पंगतीच्या तयारीत होते.

तर मी जानेफळला गेले, पाहुण्यांच्या आधी. पोरीच्या आईनं चहा दिला आणि मी सगळं सांगितलं, नावं घेऊन. ती बिचारी पदर तोंडाला लावून बसली. पोरगी दारामागून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "अन् तो काय करत होता?" मी म्हटलं, "आचाऱ्यापाशी उभा होता. वरणात मीठ बरोबर हाय का पाहून राह्यला होता." ते स्थळ मोडलं. पुढचं जमत आलं, तिथंही मी जाऊन बसले. नातेवाईक म्हणतात, सूड घेऊन वैशू परत येणार आहे का? नाही येणार. पण त्या घरात दुसरीही जाणार नाही.

परवा दुपारी शिवणाच्या मशीनवर बसले होते. मोबाईल वाजला आणि पडद्यावर नाव आलं... वैशू. हात कापड तसंच धरून राहिला. तिचा फोन आता तिचा नवरा वापरतो, हे मला ठाऊक नव्हतं. "ताई," तो म्हणाला, "बस करा आता. पाया पडतो."

मी म्हटलं, "वैशूले द्या फोन. तिनं म्हटलं तर थांबीन."