कूलरचा दांडा आणि सत्काराची शाल

"मालक कुटं हायत? धार लावायची होती."

ऊसतोडीला निघायचे दिवस आले की आमच्या दारात कोयते घेऊन माणसं येतात आणि प्रत्येक जण हेच विचारतो. समोर मी बसलेली, पाय धारेच्या यंत्राच्या पायट्यावर, हात ओले, तरी विचारतो. मी म्हणते, "द्या हिकडं." तर म्हणतात, "तुमी कावून तरास घेता? येतील की मालक." मालक येतात, चहा पितात आणि गप्पा मारतात. धार मीच लावते.

हे यंत्र मी केलंय, एकटीनं. आईच्या शिलाई मशीनचा वरचा भाग मोडला तेव्हा सगळे म्हणाले, भंगारात घाल. मी खालचा पायटा आणि मोठं चाक ठेवून घेतलं. बंद पडलेल्या कूलरच्या मोटारीचा दांडा वर बसवला, त्याच्या टोकाला धारेचा दगड नटानं आवळला. पट्टा मशीनचाच. घासताना पातं तापतं, तर सासूबाईंच्या आजारपणातली सलाईनची रिकामी बाटली पाण्यानं भरून वर टांगली, तिच्या नळीतून दगडावर थेंब थेंब पडतं. ते पाणी अंगावर उडतं म्हणून भोक पडलेली कढई अर्धी कापून आडोसा केला. दगड तेवढा तेलगावच्या बाजारातून विकत आणला. तेव्हा नवरा दोस्ताला सांगायचा, "हिला काम न्हाई बे, भंगार गोळा करतीय."

यंदा गावातल्या नवरात्र मंडळानं ठरवलं, या यंत्राचा सत्कार करायचा. टेम्पोत घालून ते मंडपात नेलं. मी ठेवणीतली साडी नेसले. खोटं कशाला बोलू, लई हौस वाटली होती मला.

पुकारलं नवऱ्याला.

आणि हा गेला की! शाल घेतली, नारळ घेतला, फोटोला उभा राहिला. "घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून यांनी स्वतःच्या डोक्यानं" असं माइकवर चाललेलं आणि हा मूग गिळून गप्प. देवी वर मखरात, तिला केवढे हार, आणि आम्ही बाया खाली सतरंजीवर टाळ्या वाजवायला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, माझ्या घरचा.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "चालवून दावा की!"

नवरा ऐटीत बसला आणि त्यानं पाय दाबला. शिवणारी कुठलीही बाई आधी हातानं चाकाला सुलटा झोका देते, मगच पाय लावते. नाहीतर मशीन उलटं पळतं. यानं तसाच पाय हाणला. चाक उलटं फिरलं, नट सैल झाला, दगड निसटून स्टेजवरून घरंगळत सरपंचांच्या पायाशी गेला. त्यांनी पाय वर घेतले. मंडप हसला. मला हसू आलं नाही, माझ्या दगडाचा टवका उडाला होता.

मी उठले, दगड उचलला आणि स्टेजवर चढले. सरपंच म्हणाले, "ताई, तुमी बसा खाली. मेकॅनिकला फोन लावलाय."

मी नवऱ्याकडे बघितलं. एक शब्द बोलला असता तरी पुष्कळ होतं. तो शाल सारखी करत राहिला.

मी दगड बसवला, नट आवळला, चाकाला झोका दिला. एकाचा बोथट कोयता मागून घेतला आणि सगळ्यांदेखत धार लावून त्याच्या हातात दिला. आता तरी कळेल म्हटलं. तर माइकवाला काय म्हणतो? "वा! मालकांनी घरच्यांनाबी चांगलं शिकवलंय!" पुन्हा टाळ्या.

घरी आल्यावर नवऱ्यानं शाल घडी घालून पेटीत ठेवली, भावाच्या लग्नात पांघरायला. सकाळी मी ती काढली आणि शिवणाच्या कात्रीनं तिच्या ताटलीएवढ्या चकत्या कापल्या. एकावर एक रचून दांड्याच्या दुसऱ्या टोकाला घट्ट बसवल्या. धार लावून झाली की ओलं पातं त्यावर धरते, पुसून लख्ख निघतं.

"आगं, सत्काराची शाल हाय ती!" नवरा ओरडला.

"कुणाच्या सत्काराची?" मी विचारलं. तो चपला घालून बाहेर गेला.

आता धारेला आलेली माणसं ते मऊ चाक बघून विचारतात, हे कशाचं केलंय. मी पाय थांबवत नाही. बाजेवर चहा पीत बसलेल्या नवऱ्याकडे हनुवटीनं दाखवते आणि म्हणते, "त्यांना विचारा, सत्कार त्यांचा झालाय."