गुरुजींनी मागितलेली परवानगी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, घरीसुद्धा नाही. माझ्या नावावर छापलेल्या स्थिरचित्राच्या पुस्तकातलं एकही चित्र माझं नाही. ती सगळी नळीवाल्या गुरुजींची.

गुरुजी साताऱ्याकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. हातानं काढलेले तक्ते पत्र्याच्या नळीत गुंडाळून एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायचे. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. तालुक्याला झेरॉक्स होतं, तेही काळंपांढरं. नळी शिरवळपासून पलूसपर्यंत शाळाशाळांतून फिरायची. आम्ही ड्रॉइंग मास्तर तक्ते उतरवून घ्यायचो आणि ती पुढं धाडायचो. कुणी आभार मानले की गुरुजी म्हणत, "चित्र काय माझ्या बापाची इस्टेट हाय व्हय? उतरवून घ्या. चुकलं आसंल तर सुधरा, आन् फुडं द्या."

'सुधरा' हे तोंडदेखलं नसे. ज्याला जे खटकेल ते त्यानं तक्त्याच्या पाठीवर लिहायचं. पलूसच्या मास्तरांनी एकदा लिहिलं, 'ही केळी की वांगी?' गुरुजी दिवसभर हसले आणि संध्याकाळी नवी केळी काढायला बसले.

सांगलीच्या एका प्रकाशकानं माझ्याकडे चित्रकलेच्या परीक्षेसाठी स्थिरचित्राचं पुस्तक मागितलं. माझ्या हाताला तेवढं येत नव्हतं, हेही आता लिहूनच टाकतो. गुरुजींचे उतरवून ठेवलेले तक्ते मी देऊन टाकले. वर माझं नाव, आत 'सर्व हक्क राखीव'.

वर्षभरानं गुरुजी माझ्या शाळेत आले. त्यांच्या नव्या हेडमास्तरांनी पुस्तक पाहिलं होतं आणि गुरुजींचे तक्ते त्यातूनच उतरवलेत असं धरलं होतं. लेखकाची चिठ्ठी आणल्याशिवाय तक्ते बाहेर द्यायचे नाहीत, अशी ताकीद मिळाली होती. भरल्या स्टाफरूममध्ये गुरुजींनी मला पहिल्यांदाच सर म्हटलं. "सर, तक्ते फिरवायला तुमची परवानगी लागंल म्हनत्यात."

खरं बोलायची वेळ तीच होती. मी लेटरहेडवर लिहिलं, 'आपल्या शाळेपुरती परवानगी आहे', आणि शिक्का मारला. नळी तिथंच थांबली.

चिठ्ठी खिशात घालून गुरुजींनी मला व्हरांड्यात नेलं. आता शिव्या खायच्या, असं धरूनच मी गेलो.

"नावाचं ऱ्हाऊ दे गड्या. पन पेल्याचा तळ चपटा छापलाईस. त्यो तोंडापरास गोल दिसाया पायजे. चूक माझीच हुती, शिराळ्याच्या बाईंनी मागनं सुधरली. तू जुना तक्ता दिलास. आता छापल्यालं कोन सुधरनार रं?"

पुन्हा भेट झाली नाही. ते गेल्याचं पत्र आलं, तेव्हाही मी गेलो नाही.

पुस्तक अजून खपतं. प्रकाशकानं दोनदा दुरुस्त्या विचारल्या. चूक कुणाची हे सांगावं लागेल, म्हणून दोन्ही वेळा 'काही नाही' कळवलं. मुलं तोच चपटा तळ काढतात आणि मी त्यावर बरोबरची खूण करतो.

गुरुजींचं नाव, शिराळ्याच्या बाईंचं नाव, दुरुस्त केलेला पेला आणि 'कुणीही उतरवून घ्यावं' ही एक ओळ, एवढं मी अजून देणं लागतो.