सोनेरी केसांचा प्रयोग
काळे केस जखम धुण्याच्या पेरॉक्साइडने सोनेरी होतात का, या प्रश्नाचे उत्तर मी भिलाईत, रशियाच्या मदतीने पोलादाचा कारखाना उभा राहत असताना, माझ्या मोठ्या बहिणीच्या केसांवर शोधले. काल माझ्या जखमेवर पेरॉक्साइड ओतताच तोच पांढरा फेस उठला आणि सारे आठवले. रशियन इंजिनिअरांच्या बायकांचे केस पाहून ती म्हणाली होती, “मले पाहायले येणारा पोरगा रशियन साहेबासंगच काम करते. त्याले असेच आवडन. तू सायन्सवाला ना, करून दे!” पुस्तकात विरंजनाचा धडा वाचलेला मी ठामपणे म्हणालो, “होतेच!” तीन दुपारी तिला उन्हात बसवून मी ते द्रावण केसांना चोपडले. केस सोनेरी झाले नाहीत. उपाशी मुलांचे होतात तसे रुक्ष, तांबूस झाले. पाहण्याच्या दिवशी भंडाऱ्याहून आलेल्या, मुलाच्या आईने तिची वेणी हातात घेतली आणि आमच्या आईला विचारले, “पोरीले पोटभर खायले नाही देत का वं?” चहा तसाच ठेवून ती माणसे उठली. पुढे केस काळे उगवले, पण बहीण पुन्हा कुणासमोर बसली नाही. केस कुणी बिघडवले, हे विचारल्यावर माझे नाव तिने कधी सांगितले नाही; मीही सांगितले नाही. वाचकांनी माझ्या उत्तरावर विसंबू नये. फणीत गळून आलेल्या केसावर आधी स्वतः तपासून पाहावे.