सिताराम काकाचा जिताडा

आमचा सिताराम काका नवी मुंबईतल्या पावणे गावचा. हट्टी इतका की सांगून सोय नाही. शेतं कारखान्यांना गेली, राहिलं घर आणि घरामागचं तळं. त्र्याण्णव साली घरालाही नोटीस आली, अनधिकृत म्हणून. आजा-पणजा ज्या घरात मेले, ते अनधिकृत. अजून टाळकं सरकतं माझं.

काकाला घर वाचवायची एकच वाट माहीत होती. आमच्याकडे काम अडलं की साहेबाकडे जिताडा न्यायचा, खाडीतला सगळ्यात मानाचा मासा. अख्खा, खवल्यांसकट. साहेबाला पोचायच्या आधी तळ्यातला एकही घरात चाखायचा नाही.

तळ्यात दोन वर्षं पोसलेले जिताडे होते. पूर्वी भरतीला खाडीचं पाणी आत यायचं, त्याबरोबर कोलंबी, बोयटं अशी बारकी मासळी यायची. ती खाऊन वाढलेल्या जिताड्याची चरबी पांढरीशुभ्र, चव गोड. पुढे खाडीकडची वाट भरावाखाली गेली. मग काका सायकलवर सानपाड्याला जायचा, चिकनवाल्यांकडची आतडी-कातडी आणून तळ्यात टाकायचा. मासे नुसते फुगले आणि काका खूश.

काशीकाकू त्याला म्हणाली, "मासा जं खातो त्याचीच चरबी धरतो. पयला एक कापून बगा."

"साहेबाच्या आदी आपुन चाखाचा? डोकं फिरलंय का तुजं?"

मी पुतण्या, म्हणून नोटीस काढणाऱ्या साहेबाच्या घरी मलाच बरोबर नेलं. पाच किलोचा जिताडा, ओल्या गोणपाटात. साहेबाने हसून ठेवून घेतला, बघतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याचा शिपाई उरलेल्या माशाची पिशवी घेऊन दारात. "पोटात नुसती पिवळी चरबी निघाली. शिजवला तर घरभर कोंबडीच्या घाणीचा वास. बाईसाहेबांना उलटी झाली."

चौथ्या दिवशी मशीन आलं. अर्ध्या तासात घर आडवं झालं. काकू रडत रडत मातीतून भांडी वेचत होती.

माझं डोकं फिरलं. ऑफिसात जाऊन भांडलो, पाडायच्या यादीची झेरॉक्स काढली. साहेबाची सही आम्ही जिताडा नेला त्याच्या आठ दिवस आधीची. म्हणजे गोणपाट हातात घेताना त्या माणसाला सगळं ठाऊक होतं.

काकाला तारखेवर बोट ठेवून दाखवलं. वाटलं, निदान आतड्यांना आणि स्वतःला दोष देणं तरी थांबवेल.

त्याने कागद घडी घालून मला परत दिला.

"चरबी चांगली निंगाली असती," तो म्हणाला, "तर साहेबानं सही खोडली असती. चूक माजीच हाय."