थंड दिव्यांवरचे चंदन

म्हैस काळी, रस्ता काळा, आणि आमच्या पिकअपच्या दिव्यांचा उजेड शिळ्या हळदीच्या पाण्यासारखा. वडपळनीच्या अलीकडे, पहाटे साडेचारला, मामंजींनी ब्रेक दाबला तेव्हा गाडीचे नाक आणि म्हशीची पाठ यांत जेमतेम वीतभर अंतर उरले. म्हशीने मान वळवून आमच्याकडे पाहिले, आणि रवंथ चालू ठेवला.

ही गोष्ट मी त्याच सकाळी, इडल्या वाढताना, सगळ्यांना हसवण्यासाठी सांगितली. चूक माझी. नवरा हसला नाही.

“अप्पा, पुढच्या शुक्रवारपर्यंत दिवे सुधारले नाहीत, तर किल्ली माझ्याकडे.”

“माझे डोळे डॉक्टरानं तपासलेत. बरे आहेत,” मामंजी म्हणाले.

“तुमचे बरे आहेत. गाडीचे नाहीत.”

मामंजींनी इडलीचा तुकडा चटणीत बुडवला आणि तो तसाच धरून ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. रागाने का होईना, पाहिले असते तर बरे वाटले असते.

ती किल्ली म्हणजे काय, हे घरात मलाच सर्वांत जास्त ठाऊक होते. माझे सासर तंजावरकडून मैलापुरात येऊन राहिलेले, पिढ्यान्‌पिढ्या तिकडची जुनी मराठी बोलणारे. मामंजी गिंडीच्या एका छोट्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त होताना त्यांनी कारखान्याची जुनी पिकअप विकत घेतली. तेव्हापासून दर शुक्रवारी पहाटे ते कोयंबेडूच्या बाजारातून अर्ध्या गल्लीसाठी केळीची पाने आणि फुले आणतात. मी पुण्याहून, कवितेचे शिक्षण घेऊन, या घरात आले. पहिल्या वर्षी मला ना तमिळ कळे, ना घरातली मराठी. त्या पिकअपमध्ये बसून मी दोन्ही शिकले. जो ‘मज’ मी फक्त जुन्या ओव्यांत वाचला होता, तो मामंजींच्या तोंडून गिअर बदलताना सहज येई: “मज ती पाण्याची बाटली दे, मा.”

आणि त्या प्रवासाला एक गंध होता. निघण्यापूर्वी मामंजी स्नान करून सहाणेवर चंदन उगाळीत, आणि गाडीच्या दोन्ही दिव्यांच्या काचेवर त्याचा टिळा लावून मध्ये कुंकू ठेवीत. दिवे तापत. कोडंबाक्कमच्या पुलावर चढेपर्यंत ते ओले चंदन ऊन होई आणि उघड्या खिडकीतून त्याचा वास आत येई: आधी पाण्याचा, मग लाकडाचा, मग किंचित भाजल्याचा. बाजार येईतो टिळा सुकून, तडकून, वाटेत कुठेतरी गळून गेलेला असे. माझ्यासाठी शुक्रवार म्हणजे तो वास.

बुधवारी मामंजी आणि मी गिंडीला गेलो. मामंजींच्या कारखान्यातला जुना इलेक्ट्रिशियन आता औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी स्वतःची शेड चालवतो. त्याने दिव्याच्या कडेला नख घातले. पिवळी खपली निघाली. तिचा वास घेऊन तो मोठ्याने हसला.

“सार, अर्धा उजेड तुमचा, अर्धा देवाचा!”

“देवाचं नाव नको. बल्ब बदल.”

त्याने जुने बल्ब काढले, नवे एलईडी बसवले. त्यांच्या पाठीला पन्हाळी पडलेले धातूचे ठोकळे आणि नखाएवढे पंखे होते. “याची ऊब मागं जाते, उजेड पुढं,” तो मला म्हणाला, आणि मी ते वाक्य कवितेची ओळ म्हणून मनात ठेवले; त्याचा अर्थ काय, याचा विचार केला नाही. मग शेडच्या भिंतीवर त्याने खडूची आडवी रेघ ओढली आणि उजेडाची वरची कड तिच्याखाली येईपर्यंत दोन्ही दिव्यांचे स्क्रू फिरवत राहिला. “समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाता कामा नये. त्याच्याही घरी कुणी वाट बघतंय.” भिंतीवर उजेड असा उभा राहिला, जसे नुकतेच धुतलेले धोतर दोरीवर ताणावे. मामंजींनी त्यात हात धरला. सावलीची पाचही बोटे निरनिराळी दिसली. परतताना सबंध रस्ता ते शीळ घालत होते.

शुक्रवारी पहाटे नवराही उठला. परीक्षा घ्यायला.

“समोरच्या भिंतीवर शिकवणीची जाहिरात आहे ना? ती इथं दारातून मला वाचता आली पाहिजे. खालची बारीक अक्षरंसुद्धा.”

“पेपर तूच काढ, गुणही तूच दे,” मामंजी म्हणाले. “वडिलांची परीक्षा घेणारा मुलगा!”

ते चालकाच्या जागी बसले. कळ फिरली. आणि भिंतीवर दोन मळकट ढग उमटले, प्रत्येकाच्या मधोमध काळा डाग. जाहिरात तर सोडाच, भिंतीवर चिकटलेला कागदही धड दिसेना.

नवऱ्याने किल्लीसाठी हळूच हात पुढे केला. मामंजींनी इंजिन बंद केले. किल्ली कुलपातून काढताना त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. “अस्क व्यर्थ गेलं,” ते म्हणाले. अस्क म्हणजे सगळंच.

मला तो किल्लीचा आवाज सहन होईना, म्हणून मी गाडीच्या पुढे गेले आणि उगाच दिव्यावर तळवा ठेवला. काच थंडगार होती, आणि हाताला ओला लपका लागला.

नव्या दिव्यांचा मान म्हणून मामंजींनी त्या दिवशी नेहमीच्या दुप्पट चंदन थापले होते, काठापर्यंत! जुना बल्ब काच तापवी, चंदन सुकवी आणि झाडून टाकी. हा नवा उजेड ऊब पाठीमागे सोडून निर्विकारपणे पुढे जाणारा. त्याच्या कपाळावर ठेवलेले ओलेच राहणार.

“मामंजी, किल्ली देऊ नका!”

मी पदराच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या. पदर पिवळा झाला, लाल झाला. “आता लावा.”

दिवे लागले. गल्लीतले मांजर दचकून उभे राहिले. दारापुढच्या कोलमच्या रांगोळीतला तांदळाच्या पिठाचा कण न् कण दिसला.

नवरा दारातूनच भिंतीकडे वळला. “प्रवेश चालू,” त्याने वाचले. “मुलींसाठी... वेगळी तुकडी.”

“मोठ्यानं वाच. गल्लीला ऐकू जाऊ दे,” मामंजी आतून म्हणाले.

नवऱ्याने मागे घेतलेल्या हाताने डोके खाजवले, आणि तोही येणार म्हणून मला गाडीत मध्ये बसायला सांगितले.

पण मामंजी निघेनात. सहाण अजून पायरीवर होती, तिच्यात उरलेले चंदन होते, आणि काचेवर तर लावायचे नव्हते. टिळ्याविना गाडी त्यांनी कधी काढली नव्हती. मी बॉनेटची पुढची कड दाखवली, जिच्याखाली रेडिएटर तापतो. त्यांनी खाली उतरून तिथे हात ठेवून पाहिला, फोरमनसारखी मान हलवली, आणि एकच छोटा टिळा लावला.

मी मध्ये, गिअर गुडघ्याला टेकलेला, एका बाजूला बाप, दुसऱ्या बाजूला लेक. कोडंबाक्कमच्या पुलावर मी खिडकीकडे नाक करून त्या वासाची वाट पाहिली. काहीच नाही. पूल उतरलो. पुढचा रस्ता पानापानासकट उजळत येत होता, दूरवर एक सायकलवाला, त्याच्या कॅरिअरवरच्या दुधाच्या पिशव्यासुद्धा मोजता येतील असा.

वडपळनीच्या अलीकडे म्हैस बसली होती, त्याच जागी. यावेळी ती आम्हाला फर्लांगभर आधी दिसली. मामंजींनी सावकाश वेग कमी केला, तिला वळसा घातला, आणि मुलाला म्हणाले, “ही बघ तुझी परीक्षक.”

त्याच वळणावर खिडकीतून तो आला: आधी पाणी, मग लाकूड, मग किंचित भाजल्याचा वास.