वाळूवरची थाप

सातवीत शाळा सुटली आणि मी घाटावरून रेडी बंदरात खनिजाच्या पाट्या उचलायला आलो. जपान पाहिलेला एक म्हातारा खलाशी संध्याकाळी आम्हाला वाळूवर जुजुत्सू, म्हणजे जपानी कुस्ती, शिकवी. हरणाऱ्याने वाळूवर थाप मारायची, दुसऱ्याने लगेच सोडायचं, हा त्याचा नियम. एकदा सरावात मुकादमाच्या पैलवान भाच्याने माझा हात पिरगळला. मी थापांवर थापा मारल्या.

"कुस्तीत पाठ टेकूक व्हयी, घाट्या!" म्हणत तो आणखी पिरगळू लागला.

हात मोडला तर खाणार काय, या धास्तीने मी ओरडलो. म्हाताऱ्याने त्याची मान धरून त्याला बाजूला फेकलं.

भाचा थुंकला. "उद्या काम माझ्या मामाकडेच मागतलंस मां?"

दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच मागितलं. शेजारी उभ्या भाच्याच्या तोंडाकडे बघितलंही नाही. म्हाताऱ्याच्या कृपेने पाटी दोन्ही हातांनी उचलली.